मुलगी नर्सिंगला जाते म्हणतेय, कोविडमध्ये नर्सेसचं नेमकं काय झालं ते कोणी खरं सांगेल का?

धायरीकर_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मुलगी बारावी झाली, नर्सिंगची सीईटी दिली आणि आता बीएस्सी नर्सिंगच करायचं म्हणून हटून बसलीये. मार्क चांगले आहेत, तिच्या बाबांचं म्हणणं फार्मसी कर, एसीत बसून नोकरी मिळेल. आमच्या दोन्हीकडच्या घरात या क्षेत्रातलं कोणी नाही.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहितीये. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या सासूबाई कोविडने गेल्या. आम्हाला कोणालाच आत सोडत नव्हते, गेटवर डबा द्यायचा आणि परत यायचं. तिथल्या एक सिस्टर रोज संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी फोन आजींच्या कानाशी धरला आणि हिला म्हणाल्या, बोल बाळा, ऐकतायत त्या. ही तेव्हा आठवीत. त्या सिस्टरचा चेहरा पीपीई किटमुळे आम्ही कधी पाहिला नाही, छातीवर मार्करने नाव लिहिलेलं असायचं तेही घामाने की सॅनिटायझरने अर्धं पुसलेलं. मुलगी अजून म्हणते की मला ते नाव नीट वाचायला पाहिजे होतं.

आता तुम्ही म्हणाल मग अडवता कशाला. तर मला भीती वाटते, सरळ सांगते. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या इथेच, नांदेडगाव किरकटवाडी खडकवासला पट्ट्यात, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, पेशंट निघाले, संशय पाण्यावर होता आणि आठवडाभर आमच्याकडे पाणी उकळून उकळून गॅस संपायला आला. तेव्हा मनात आलं की आपल्याला दार लावून घेता येतं, हिला उलट दार उघडून आत जावं लागेल.

म्हणून विचारते. महामारी आली की नर्सच्या कामाचं, शरीराचं, घराचं नक्की काय होतं? ते कोविड योद्धा, थाळ्या, फुलं वगैरे नको. आणि उगाच घाबरवायलाही नको. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

सिस्टर_निवृत्त

ताई, मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, २०२३ ला रिटायर झाले. शेवटची पाच वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते, म्हणजे २०२० आलं तेव्हा ड्युटी लावणारी मीच. तेव्हा खरं सांगा म्हणता तर सांगते.

९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले दोन पेशंट सापडले, दुबईहून आलेले, नायडू हॉस्पिटलात ठेवले. त्या दिवशी आमच्याकडे दुपारच्या हँडओव्हरला सगळ्या पोरी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. कोणी काही बोललं नाही पण दुसऱ्या दिवशी चार जणींचे रजेचे अर्ज. मी रागावले नाही. एकीला सात महिन्यांचं बाळ होतं, एकीची सासू डायलिसिसवर. मी स्वतः शुगरवाली, बावन्न ओलांडलेली... पण नाव घालताना पहिलं माझंच घातलं, नाहीतर उरलेल्यांना कुठल्या तोंडाने सांगणार.

सुरुवातीला कोणालाच काही माहीत नव्हतं हे लक्षात घ्या. आम्हाला लागण होऊ नये म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या, पहिल्या दिवशी ४०० च्या दोन, मग आठवड्याला एक, सात आठवडे. पुढे त्या मागे पडल्या. एन-९५ मोजून मिळायचे, मग आम्ही कागदी पिशव्यांवर १ ते ५ आकडे टाकून आळीपाळीने वापरायचो, आजचा मास्क आता पाच दिवसांनी पुन्हा. खिळ्याला अडकवलेल्या त्या पाच पिशव्या बघून आमच्या मावशी म्हणाल्या, बाई हे तर रेशन दुकान झालं.

किट घातलं की सहा तास पाणी नाही, लघवी नाही. पाळी असली तर काय ते तुम्ही बायकाच समजून घ्या. काढताना हातमोजे उलटे केले की मनगटातून घामाची धार लागायची, बोटं भिजवलेल्या पापडासारखी. नाकावर मास्कचा व्रण पडायचा, तर बेडसोरला, म्हणजे पडून पडून पेशंटच्या पाठीला जखमा होतात त्यांना, लावतो ती पट्टी कापून आम्ही स्वतःच्या नाकावर लावायला लागलो. जन्मभर पेशंटची पाठ सांभाळली आणि बेडसोर झाला आम्हाला.

पण हे सगळं सवयीचं होतं हो. माणूस किटला सरावतो. मला विचाराल तर खरं काम बदललं ते दोन गोष्टींनी.

एक म्हणजे किटमध्ये नर्सचे निम्मे डोळे कान जातात. स्टेथोस्कोप धड लागत नाही, गॉगलवर वाफ, दोन दोन ग्लोव्हजमधून शीर लागत नाही. आम्ही शीर बघून नाही, बोटाने चाचपून पकडतो, ती बोटंच गेली. मग काय, लांबून बघायला शिकलो. नाकपुड्या फुलतात का, बोलताना वाक्य मधे तुटतं का, कालपर्यंत चहा मागणारा आज का मागत नाहीये. या कोविडची खोड अशी की माणूस मस्त गप्पा मारतोय, मोबाईल बघतोय आणि बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८२, म्हणजे धोक्याचा. आवाज करणारा पेशंट वाचायचा, गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं, हे नव्या पोरींना शिकवायला मला पंधरा दिवस लागले.

दुसरं म्हणजे नातेवाईक नाहीसे झाले. यावर नंतर लिहिते, नातू उठला.

---

आयसीयू_ब्रदर

काकू नमस्कार. मी मूळचा लातूरचा, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून २०१७ ला पुण्यात आलो, तेव्हापासून आयसीयूतच आहे, प्रायव्हेटला. हो मुलं पण असतात नर्सिंगमध्ये, आम्हाला ब्रदर म्हणतात, गावाकडं अजून कंपाउंडर म्हणतात ते सोडा.

सिस्टरनी मनाचं लिहिलं, मी कामाचं लिहितो कारण लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन आणि गोळ्या. कोविडमध्ये आम्ही सगळ्यात जास्त काय केलं असेल तर ऑक्सिजनचा हिशोब. एक जम्बो सिलिंडर म्हणजे साधारण ७००० लिटर. पेशंट पिशवीवाल्या मास्कवर मिनिटाला १५ लिटरनी चाललाय, तर ७००० भागिले १५, पावणेआठ तास. तोच पेशंट हायफ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, ६० ला टाकला तर दोन तास पण नाही. आता असे वॉर्डात दहा पेशंट धरा आणि गाडी चाकणहून निघालीये एवढंच माहीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये रात्रीच्या ड्युटीला मी इंजेक्शन चार्टच्या मागे हेच गणित मांडत बसायचो, कोणाचं २ लिटरनी कमी करता येईल, कोण जेवताना मास्क काढून बाजूला ठेवतो आणि फ्लो चालूच राहतो. तो बंद करणं हे सुद्धा नर्सचं काम. त्या वेळी नंदुरबार जिल्ह्यात यासाठी खास ऑक्सिजन नर्स नेमल्या होत्या, पेशंटला किती लागतंय आणि किती वाया जातंय एवढंच बघायला, आणि ती पद्धत मग बाकीच्यांनी पण उचलली. म्हणजे बघा, मोठ्या मोठ्या टँकरच्या बातम्या चालू होत्या आणि खाली बचत कोण करत होतं, तर बेडपाशी उभी असलेली सिस्टर.

मग प्रोनिंग. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं घालायचं, सोळा सोळा तास. ऐकायला सोपं. नव्वद किलोचा माणूस, तोंडात नळी, मानेत सेंट्रल लाईन, लघवीची नळी, नाकातली फीडची नळी. डोक्याशी एक जण फक्त नळी धरून, तोच आकडे मोजणार, बाजूला दोन दोन जण, चादरीची सुरळी करून आधी कडेला सरकवायचं मग उलटा. डोळ्यात मलम टाकून पट्टी. गालाखाली, छातीखाली, गुडघ्याखाली पॅडिंग. मग दर दोन तासांनी मान फिरवायची, नाहीतर गाल काळा पडतो. आणि हे सगळं किटमध्ये, घामाने डोळ्यात मीठ उतरतंय आणि पुसता येत नाही. आमच्याकडं एका आज्जींना जागेपणी पालथं झोपवायचं होतं, त्या ऐकेनात, म्हणाल्या पालथं मेलेल्याला पण ठेवत नाहीत रे. मग मी त्यांच्या बेडशेजारी फरशीवर किटसकट पालथा झोपून दाखवलं. हसल्या आणि झोपल्या. घरी गेल्या त्या, मजा आली तेव्हा.

आता काकू तुमच्या भीतीबद्दल. मला स्वतःला दोनदा कोविड झाला, ठीक झालो. मला रोगाची भीती नाही वाटली तेवढी एका रात्रीची वाटली. नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे आयसीयूत एका पेशंटला एक नर्स. त्या रात्री माझ्याकडं चार होते, चारही व्हेंटिलेटरवर, कारण आमचा निम्मा स्टाफ पॉझिटिव्ह आणि केरळच्या मुली गावी गेलेल्या. एकाचं सक्शन करत होतो, म्हणजे नळीतला कफ ओढून काढत होतो, तेव्हा दुसऱ्याचा अलार्म वाजला, मी एका हाताने हे धरलेलं, सोडू शकत नाही. दीड मिनिट असेल. तो पेशंट गेला. डॉक्टर म्हणाले जाणारच होता, फाईल बघितली तर पटतं पण. पण मी ते दीड मिनिट अजून मोजतो.

म्हणून रोगापेक्षा हे विचारा की एका नर्सच्या अंगावर किती पेशंट टाकतात. महामारीत जे झालं ते काय नवीन झालं नाही, रोज चालतं तेच दहापट झालं. पगाराचं पण सांगून ठेवतो, २०१६ ला सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राच्या समितीने ठरवून दिलं की पन्नासपेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलात पण नर्सला २०,००० च्या खाली देऊ नका आणि दोनशेच्या वर बेड असतील तर सरकारी पगाराएवढा द्या. कागद छान आहे. मी २०२० मध्ये किती घेत होतो ते विचारू नका.

---

सदाशिवपेठी_खवट

सगळं ठीक आहे, पण दुसरी बाजू पण येऊ द्या की धाग्यावर. माझे वडील २०२० च्या सप्टेंबरमध्ये नऊ दिवस आत होते. नाव नाही लिहीत कुठे ते. नवव्या दिवशी हातात आले तेव्हा ओठांना भेगा, दाढी वाढलेली, कवळी गायब. कवळी! फोन केला की सिस्टर उचलत नाहीत, उचलला तर "स्टेबल आहेत" आणि ठेवला. वडील म्हणाले पाणी मागून मागून थकलो. ते देवदूत वगैरे मी पण वाचलं व्हॉट्सअॅपवर, पण माझ्या बापाला ग्लासभर पाणी मिळालं नाही हे मी काय विसरणार नाही. राग कोणा एकीवर नाही, पण हे कोणी लिहीतच नाही.

---

सिस्टर_निवृत्त

दादा, लिहिलंत ते बरं केलंत, आणि तुमचा राग खरा आहे. आमच्या वॉर्डात पण असं घडलंय, मी ते नाकारणार नाही. मला दुपारी लिहायचं राहिलं ते हेच होतं.

आपल्याकडच्या हॉस्पिटलात, सरकारी असो की छोटं खाजगी, पेशंटला पाणी कोण पाजतं? नातेवाईक. भरवतं कोण, भांडं कोण देतं, कूस कोण बदलतं, सलाइन संपलं की सिस्टर सिस्टर करत कोण पळत येतं, खालून औषध कोण आणतं, कवळी रात्री वाटीत काढून कोण ठेवतं? घरचा माणूस. पुस्तकात बघाल तर हे सगळं नर्सिंग आहे, पहिल्या वर्षाला शिकवतात, पण चाळीस पेशंटला दोन सिस्टर असल्या की ते आपोआप नातेवाइकांकडे जातं आणि कोणाच्या हिशोबात ते धरलेलं नसतं. मार्च २०२० मध्ये एका रात्रीत ती चाळीस माणसं गेटबाहेर गेली. आत आम्ही तेवढ्याच. मावशी मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, लोकांतले अर्धे कंत्राटी, ते आलेच नाहीत. मग इंजेक्शन की पाणी, अशी निवड रोज, आणि इंजेक्शन आधी व्हायचं. तुमचे वडील तहानलेले राहिले ते असे.

आम्ही नंतर शिकलो. प्रत्येकाच्या उशाशी नाव टाकून बाटली आणि तिला सलाइनची नळी लावून स्ट्रॉ, पडल्या पडल्या ओढता येईल अशी. कवळी, चष्मा, फोन, चार्जर एका पारदर्शक डब्यात, डब्यावर चिकटपट्टी, पेशंट जिथे हलेल तिथे डबा हलेल. आणि संध्याकाळी ४ ते ६ एका पोरीला दुसरं काही काम नाही, फक्त घरच्यांना फोन. हे सुचायला ऑक्टोबर उजाडला. तुमच्या वडिलांच्या वेळी नव्हतं. त्याबद्दल मी आमच्या जातीच्या वतीने माफी मागते, तुम्ही मागितली नसलीत तरी.

---

सदाशिवपेठी_खवट

माफी नको हो सिस्टर. बाटलीला सलाइनची नळी... हे साधं होतं नाही. असो. वडील आहेत अजून, ८४, नवी कवळी पण हरवली परवा, घरातच.

---

जुनं_पुणं

थोडं अवांतर, पण पुण्यात हा विषय निघाला आणि सावित्रीबाईंचं नाव नाही आलं असं कसं. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासणे मळ्यात माळरानावर दवाखाना उघडला होता, आणि मुंढव्याहून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथपर्यंत आणलं. लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. २०२० मध्ये पुण्यात पहिले पेशंट सापडले ९ मार्चला, म्हणजे पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी. तो साथरोग कायदा पण त्याच प्लेगच्या वेळचा, १८९७ चाच. त्यात २०२० च्या एप्रिलमध्ये दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलला तर तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा असं घातलं. म्हणजे सव्वाशे वर्षांनी कायद्याला आठवलं की पेशंटला हात लावणारं पण कोणीतरी माणूस असतं.

---

लसवाली_एएनएम

सगळे आयसीयूचं बोलताय, आम्ही दवाखान्यातल्या एएनएम (सहायक नर्स) पण होतो हो 😊 कोणी विचारत नाही म्हणून स्वतःच लिहिते. मी वानवडीकडे राहते, दोन वर्षाचा कोर्स केलेली, पोस्ट कंत्राटी.

आमचं काम आधी सर्व्हे. दारोदार जाऊन ताप बघायचा, बोटाला मशीन लावायचं, घरात शुगर बीपीचं कोण आहे लिहायचं. एप्रिल मे २०२० ला पेठांमध्ये वाड्यात शिरलो की वरून कोणीतरी ओरडणार, आल्या आल्या, दार लावा. आमच्यामुळे कोविड येतो असं वाटायचं लोकांना. आणि घरी आले की आमच्याच सोसायटीत लिफ्ट वापरू नका असा कागद, नाव न घालता, पण सोसायटीत किटवाली मी एकटीच. दोन महिने चार मजले चढले, बारीक झाले तेवढा फायदा. ज्या बाईंनी कागद लावला त्यांनीच पुढे फेब्रुवारीत फोन केला, अगं लसीचं काही जमतं का.

१६ जानेवारी २०२१ ला लस सुरू झाली, पहिली आम्हालाच. लस आपल्या शेजारच्या मांजरी गावात, सिरममध्ये बनलेली, पण तिथून आमच्या टेबलावर यायला किती नाटकं ते आम्हाला माहीत. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस, अर्धा अर्धा एमएल, एकदा उघडली की चार तासात संपवायची नाहीतर फेकायची. संध्याकाळी साडेचारला सहा जण बसलेत, कुपी उघडू की नको? उघडली तर चार डोस वाया आणि वरून विचारणार का गेले. नाही उघडली तर सहा जण शिव्या देऊन जाणार. मी काय करायचे, समोरच्या भाजीवाल्याला, रिक्षा स्टँडवर हाक मारायची, चला ज्यांचं पंचेचाळीस पूर्ण झालंय ते या. एकदा नऊ झाले आणि दहावा मिळेना, शेवटी अमृततुल्यवाले काका भट्टी बंद करून आले, एका हातात केटली तशीच.

या सगळ्यात लहान बाळांचं राहिलं हे मला लागतं. २०२० ला सुरुवातीचे काही आठवडे आमच्याकडे बाळांचं लसीकरणाचं सेशनच झालं नाही, मग गोवरचा, पेंटाचा (पाच रोगांवरची एक लस) डोस चुकलेल्या आयांना शोधत फिरलो, त्यातल्या अर्ध्या गावी गेलेल्या. महामारीत एका रोगाकडे सगळे बघतात आणि बाकीचे रोग काय रजेवर जात नाहीत.

आणि हो, माझी ऑर्डर दर तीन महिन्यांची असायची. पेशंट कमी झाले तसं एका संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नका. तुमच्या मुलीला बीएस्सीच करू द्या ताई, डिग्रीला मान आहे.

---

सोडून_दिलं_मी

मी बीएस्सी नर्सिंग, २०१९ ला पास, २०२२ ला सोडलं. आता खराडीत मेडिकल कोडिंग करते, फाईलींना नंबर देते, शनिवार रविवार सुट्टी. धायरीकर काकू तुम्हाला ही बाजूही कळावी म्हणून.

मी बॅचमध्ये हुशार होते, आयसीयू मीच मागून घेतलं होतं. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची द्विशताब्दी म्हणून, कॉलेजात आम्ही किती पोस्टर काढलेले त्याचे. १२ मे २०२० ला, त्यांच्या जन्मदिवशीच, मी क्वारंटाइनच्या खोलीत एकटी, दारात डबा ठेवून गेलेला वेटर, आत थंड पोळी. हसू आलं.

सोडायचं कारण कोविड नव्हता, कोविड संपल्यावर जे झालं ते होतं. पेशंट नेहमीचे सुरू झाले, जे गेले त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि कोणी एकदाही बसवून विचारलं नाही की झोप लागते का. आमच्याकडे रजा मागितली तर म्हणाले आता तर सगळं नॉर्मल आहे. मधेच नोकरी सोडायची नाही असा मला बॉन्ड होता, मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडे, ते सोडवायला सहा महिने गेले. काकू, तेवढं लक्षात ठेवा, ओरिजिनल कागद कोणाला द्यायचे नाहीत.

अजूनही पीएमटी बसमध्ये समोर कोणी डुलकी घेत असलं की मी त्याचे श्वास मोजते. अर्धा मिनिट, गुणिले दोन. अठरा आले, म्हणजे ठीक आहे, की निवांत मोबाईल काढते.

---

आयसीयू_ब्रदर

@सोडून_दिलं_मी आम्ही पण मोजतो, मला वाटलं मी एकटाच. परत यायचं असेल तर सांगा, आमच्याकडं आता काउन्सेलर तरी बसतो आठवड्यातून एकदा, भांडून घेतलाय.

काकू एक चांगलं पण सांगतो नाहीतर धागा रडका होईल. त्या जानेवारीत जीबीएसचे पेशंट आले आमच्याकडं, पाय हलत नाहीत, मग हात, मग श्वास, काही व्हेंटिलेटरवर गेले. पूर्ण शुद्धीत असतात हो, सगळं ऐकू येतं, नुसतं हलता येत नाही. कोविडच्या आधी असते तर आमची धांदल उडाली असती. पण यावेळी कोणी सांगायची गरज पडली नाही, पहिल्या रात्रीच आमच्या दोन पोरींनी पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून आणली, पेशंटने डोळ्याने खुणा करून एक एक अक्षर दाखवायचं. एकाने पहिलं वाक्य काय केलं माहितीये? "पंखा कमी". कूस बदलणं, सक्शन, घरच्यांचे फोन, सगळं ठरल्यासारखं झालं. ते कोविडमध्येच शिकलेलो.

---

धायरीकर_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हे सगळं मुलीला वाचायला दिलं, तिच्या बाबांनी पण वाचलं, चष्मा पुसत पुसत, काही बोलले नाहीत.

मुलगी मात्र ब्रदरच्या पोस्टवर थांबली, वही घेऊन ७००० भागिले १५ करून बघितलं, ४६६ मिनिटं, म्हणे बरोबर आहे. मग मला विचारते, आई छोट्या सिलिंडरमध्ये किती असतं. मला काय माहीत! मग तिने @सोडून_दिलं_मी यांचं दोनदा वाचलं आणि बराच वेळ गप्प होती. मी म्हटलं अजून विचार बदलू शकतेस, तर म्हणाली कॉलेज बघायला जाऊ तेव्हा विचारायच्या प्रश्नांची यादी करते. यादीत पहिला प्रश्न आहे, प्रॅक्टिकलला तुमच्या हॉस्पिटलात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात. दुसरा बॉन्डचा. तिसरा होस्टेलच्या जेवणाचा, तो मी घातला.

शनिवारी दोन कॉलेजं बघायला जातोय. अजून काही विचारायचं असेल तर सुचवा.

---

सिस्टर_निवृत्त

कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि त्यात खरंच पेशंट असतात का, हे बघा. दुपारी बारा वाजता ओपीडीत चक्कर मारा, न सांगता. तिथल्या तिसऱ्या चौथ्या वर्षाच्या पोरींशी बोला, प्राचार्यांशी नंतर.

छोट्या सिलिंडरचं तिला सांगा, बी टाइप, साधारण १५०० लिटर, १० वर लावला तर अडीच तास. ॲम्ब्युलन्समध्ये तोच असतो.

आणि बूट चांगले घ्या, पांढरे, कॉलेजच्या दुकानातले स्वस्त घेऊ नका. लक्ष्मी रोडला घ्यायचे तर संध्याकाळी जा, पाय सुजलेले असताना माप द्यायचं, दिवसभर उभं राहिल्यावर पाय तेवढाच होतो.